जिथे बघेन तेवढंच दिसत नाही

आमच्याकडे भात झोडून झालं की शेतं मोकळी होतात आणि त्यांच्यावर क्रिकेट सुरू होतं. धसकटं काढायची, पाणी मारून रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या की झालं मैदान. चेंडू टेनिसचा. कडेला मंडप, मंडपात खुर्च्या, आणि बांबूला बांधलेला कर्णा. खालापूर तालुक्यातली आमची गावं आणि कर्जतच्या अंगाची गावं मिळून पावसाळ्यापर्यंत एक रविवार रिकामा जात नाही.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात गोदाम सांभाळायचो आणि रविवारी अंपायर व्हायचो. खेळाडू म्हणून मी बेताचाच. पण नजर चांगली, असं सगळे म्हणायचे. बॅट रेघेच्या आत टेकली की बाहेर, यावर माझ्याशी कुणी हुज्जत घालत नसे. लांबच्या गावांतूनही बोलावणं यायचं.

मंडपातला माइक माझ्या मित्राच्या हातात असायचा. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलेले. गावात सगळे आम्हाला जोडीनंच ओळखायचे. त्याच्या जिभेला धार होती. सामना रटाळ झाला तरी लोक उठत नसत, त्याची कॉमेंट्री ऐकत बसत. कुणाचा झेल सुटला की तो त्या माणसाच्या चालण्यावर, टकलावर, घरच्या भांडणावरसुद्धा बोलायचा. ज्याच्यावर बोललं जायचं तोही हसायचा, कारण न हसणाऱ्याची पुढच्या षटकात आणखी सालटी निघायची.

त्या वर्षी अंतिम सामन्यात आमचं गाव आणि भिवपुरीकडचं एक गाव समोरासमोर आलं. ते माझ्या बायकोचं माहेर. दोन्हीकडच्यांनी अंपायर म्हणून मीच हवा असं सांगितलं, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

शेवटचं षटक होतं. आमचा बॅट्समन दुसरी धाव घ्यायला वळला. मी बाजूला सरकून रेघेच्या सरळ रेषेत उभा राहिलो आणि नेहमीसारखी नजर रेघेवर रोवली. रेघ वाकलेली दिसली. मधोमध ती होतीच कुठे? तिथे राखाडी काहीतरी पसरलं होतं, ओल्या बोटानं पाटीवरची अक्षरं पुसावीत तसं. मला वाटलं, धूळ उडाली. डावीकडून फेकणाऱ्याचा हात फिरला तो मला दिसला. उजवीकडून आमचा गडी आडवा घुसला तोही दिसला. मधे काय झालं ते दिसलं नाही. फक्त स्टंपवर चेंडू लागल्याचा आवाज आला आणि माझं बोट वर गेलं.

आमचा गडी चांगला हातभर आत होता. कुणीतरी फोनवर चित्रीकरण केलं होतं आणि ते तिथल्या तिथे मंडपात फिरलं. कर्ण्यातून मित्राचा आवाज आला, "मंडळी, बगा, बगा! जावयानं सासरवाडीला चषक नेऊन दिला! आता पुढच्या सणाला ह्याला कोंबडं कापतील!"

लोक हसले, पण ते नेहमीचं हसणं नव्हतं. एकानं माझ्या अंगावर पाण्याची बाटली फेकली. ती कडेनं आली, मला नीट दिसली, मी बाजूला झालो.

पुढच्या आठवड्यात मी कारखान्यात खोक्यांवरचे आकडे चुकीचे वाचले. मग बायको मला पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासणी झाली, डोळ्यांत थेंब पडले, फोटो निघाले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला आधी काही सांगितलं नाही. टेबलावरचं वर्तमानपत्र बायकोपुढे धरलं.

"ताई, या पहिल्या शब्दाकडे बघा. डोळा अजिबात हलवायचा नाही. आता त्याच ओळीतला शेवटचा शब्द वाचा."

तिनं पहिल्या शब्दावर नजर रोखली. मग म्हणाली, "काहीतरी काळं दिसतंय. वाचता नाय येत."

"तुमचे डोळे चांगले आहेत, तरी येत नाही. कुणालाच येत नाही. डोळ्याच्या मागे पडदा असतो, त्याच्या मधोमध एक लहानसा ठिपका आहे. अक्षर, सुई, माणसाचा चेहरा, हे बारीक काम तेवढा ठिपका करतो. बाकीचा सगळा पडदा ढोबळ बघतो. कुणी हललं, कडेनं काही आलं, वाटेत खड्डा आहे, एवढं त्याला कळतं. आपल्याला चहूकडे स्पष्ट दिसतं असं वाटतं, कारण आपण तो ठिपका सारखा इकडून तिकडे फिरवत असतो. यांचा तो ठिपकाच सुकत चाललाय. दोन्ही डोळ्यांतला. एकाचा आधीच गेला होता, दुसरा त्याला सांभाळून घेत होता, म्हणून कळलं नाही."

"म्हणजे मी आंधळा होणार?" मी विचारलं.

"नाही, नाही. चालाल, फिराल, पायरी चुकणार नाही. फक्त जिथे बघाल, तेवढंच दिसणार नाही."

हे बोलताना ते हसले असावेत. गाल हलल्यासारखे वाटले. तोंडाच्या जागी तीच राख होती.

औषध नाही म्हणाले. आजार रक्तातून आलेला. एक युक्ती मात्र शिकवली. ज्याला बघायचंय त्याच्याकडे बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं, म्हणजे पडद्याच्या कडेला त्याची ओळखीपुरती आकृती उमटते. प्रत्येकाची बघायची जागा वेगळी. माझी जागा समोरच्याच्या डोक्याच्या उजवीकडे, थोडी वर. तिथे नजर लावली की केस, खांदे, कपड्याचा रंग आणि चेहऱ्याचा एक पुसट डाग हाती लागायचा. डॉक्टर म्हणाले, "सराव करा." मी बायकोवर सराव केला. ती जेवायला वाढायची आणि मी तिच्या डोक्यावरच्या फळीकडे बघत तिच्याशी बोलायचो. पहिले काही दिवस ती सारखी मागे वळून बघायची.

गावात मी सगळं सरळ सांगितलं. मला वाटलं, आता रनआऊटचं कोडं सुटलं, लोक समजून घेतील. पण लोकांना ते फार सोयीचं वाटलं. सामना विकायचा आणि मग डोळे गेले म्हणायचं.

मित्र घरी आला. मी ओटीवर बसलो होतो. तो समोर येऊन बसला.

"कुटं बगतोयस?"

"तुझ्याकडं."

"माज्याकडं? माज्या डोस्क्यावर कावळा बसलाय का रं?"

मी त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. वर्तमानपत्र आणून शब्दाचा प्रयोगसुद्धा करायला लावला. त्याला शेवटचा शब्द वाचता आला नाही. पण तो म्हणाला, "मंजे मला बी नाय दिसत, तुला बी नाय दिसत. मग फरक काय?" आणि उठला. जाता जाता सरबतासाठी आणून ठेवलेल्या लिंबांतलं एक त्यानं उचललं आणि माझ्या कानाच्या बाजूनं जोरात फेकलं. काही कळायच्या आत माझा हात वर गेला आणि लिंबू मुठीत आलं.

तो टाळ्या पिटत हसला. "आंदळा म्हने! अरे, गावातला एकबी फिल्डर असा झेल घेत नाय! नाटक्या हायेस तू, नाटक्या."

कडेनं येणारं दिसतं, मधलं दिसत नाही, हे मी परत सांगायला लागलो. तो फाटकाबाहेर पोचला होता.

त्यानंतर गावाला एक खेळच मिळाला. माणसं माझ्यापुढे येऊन मुकाट उभी राहायची आणि म्हणायची, "वळख बरं, मी कोन?" आवाजावरून ओळखलं की म्हणायची, "दिसतंय की चांगलं." ओळखलं नाही तर म्हणायची, "आता मोटा झाला, आमाला कशाला वळखंल?" एक जण रस्त्यात माझ्यापुढे उभा राहून जीभ काढून दाखवायचा. हे मला त्यानंच हसत हसत पुढे सांगितलं. बायकोला बायका नळावर विचारायच्या, "तुजं तोंड त्याला दिसत नाय ना गं? मग बरं हाय, तुला काय नटायला नको." ती घरी येऊन कळशी आदळायची. मी विचारलं तर काही नाही म्हणायची, आणि तिच्या तोंडावर काय आहे ते मला बघता येत नसे.

कारखान्यात मला गोदामातून काढून फाटकावर बसवलं. आत येणारा माणूस आपला की परका, हे चेहऱ्यावरून ओळखायचं काम. ज्यानं हे ठरवलं तो साहेब माझी चौकशी करायचा, "आता डोळ्यांना ताण नाही ना?" मी नाही म्हणायचो.

मग कर्जतच्या बाजारात ते झालं.

कुकरची रिंग आणायला मी भांड्यांच्या दुकानात गेलो होतो. बायको बाहेर भाजी घेत होती. दुकानदार गल्ल्यापाशी उभा. त्याला बघायचं म्हणून मी सवयीनं त्याच्या डोक्याच्या उजवीकडे, जरा वर नजर लावली आणि रिंगचं माप सांगू लागलो. त्या जागी, मागच्या पायरीवर, एक बाई डबे बघत उभी होती. मला ती दिसतच नव्हती. जिथे माझी नजर होती तिथे राख होती आणि ती बाई त्या राखेत उभी होती. ती अवघडून बाजूला सरकली. तेवढ्यात दुकानदारही रिंग शोधायला तिकडेच वळला, आणि माझी नजर त्याच्याबरोबर फिरून पुन्हा तिच्यावर जाऊन थांबली.

"काय बघतोस रे?" शेजारून एक पुरुषी आवाज आला. तिचा नवरा असावा.

"मी त्यांच्याकडे बघत नव्हतो."

"मघापासून टक लावलीस तिच्यावर. आणि बघत नव्हतो?"

"मला त्या दिसतच नाहीत. माझ्या डोळ्यांना—"

त्याचा हात कडेनं वर आला. तो मला स्वच्छ दिसला, घड्याळाच्या पट्ट्यासकट. मी मान मागे घेतली आणि हात वाऱ्यावर गेला. दुकानात जमलेले सगळे एकदम बोलले, "दिसतंय की! बरोबर चुकवलं!" बाई म्हणाली, "असली माणसं." तो माझ्या अगदी पुढे येऊन उभा राहिला आणि दुसरी त्यानं समोरून मारली. ती मला दिसली नाही. धुळीसाठी लावलेला चष्मा उडाला. माझ्या ओठातून रक्त आलं आणि मी भांड्यांच्या उतरंडीवर पडलो, तेव्हा दुकानदार ओरडला, "अहो, माल!"

बायको धावत आली. तिनं चष्मा शोधला, मला उठवलं आणि रिक्षात घातलं. घरी आल्यावर म्हणाली, "आता बाहेर जाताना काळा गॉगल घाला. लोकांना तसला आंदळा कळतो."

मी गॉगल घातला. काठी मात्र घेतली नाही. मला वाट दिसते, काठी कशाला? ते मला खोटं वाटलं.

बाजारात आमच्या गावचा कुणीतरी होता. पुढच्या रविवारी कर्ण्यातून ऐकू आलं, "बॅट्समनला चेंडू दिसला नाय, मंडळी. आपल्या एका माजी अंपायरसारकं झालं. त्यांना बी चेंडू दिसत नाय, बाया तेवढ्या दिसतात!" मैदान आमच्या घरापासून लांब नाही. बायको भाकऱ्या थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

वर्ष गेलं. पुढचा हंगाम आला तसा मित्र परत घरी आला. आवाज मऊ केलेला. "झालं गेलं जाऊ दे रं. इतकी वर्सं तू अंपायरिंग केलंस, गावानं तुजा सत्कार करायचा ठरवलाय. फायनलच्या दिवशी ये. वयनी, तुमी बी या."

बायको म्हणाली, "भावोजी, खरंच का?"

"आता काय शपत घेऊ?"

तो गेला. मग तिनं माझा पांढरा सदरा काढून इस्त्री केली. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं होतं. अंपायर म्हणून मी उभा राहिलो होतो ते कुणाला तरी आठवतंय, एवढ्यानं माझा ऊर भरून आला होता.

मंडपात लाकडी फळ्यांचं स्टेज केलं होतं. मला वर बोलावलं. मित्रानं माइकवरून माझं कौतुक केलं, एकही खोचक शब्द नाही. शाल घातली, नारळ दिला. मग काचेचं एक जड सन्मानचिन्ह माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "वर धर रं, सगळ्यांना दिसू दे. फोटो काढतायत."

मी ते छातीपर्यंत वर धरलं. लोक हसायला लागले. कडेकडेनं मला सगळा मंडप दिसत होता. खांदे हलत होते, हात मांड्यांवर आपटत होते, कुणी शेजाऱ्याच्या अंगावर पडत होतं. इतक्या माणसांत चेहरा मात्र एकालाही नव्हता. मला वाटलं, माझ्या आनंदात आनंद मानतायत. मीही हसलो. आणखी वर धरलं, डोक्यावर.

बायकांच्या खुर्च्यांतून ती उठून आली. स्टेजवर चढली आणि तिनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"चला घरी."

"वाच."

"चला म्हनते ना."

"वाच आधी."

माइक जवळच होता. तिचा आवाज कर्ण्यातून गावभर गेला. तिनं शाळेतल्या पोरीसारखं एकेक शब्द सुटा वाचला, "उत्कृष्ट. अभिनय. पुरस्कार."

ज्यांना आधी कळलं नव्हतं ते आता हसले.

ती मित्राकडे वळली. "भावोजी, तुमी आमच्या घरात जेवलायत."

"अवो वयनी, गंमत हाय. गंमत बी कळत नाय का तुमाला?"

तिनं सन्मानचिन्ह टेबलावर ठेवलं, माझ्या खांद्यावरची शाल काढून त्यावर टाकली आणि माझा दंड धरला. मी स्टेजची पायरी उतरलो. मागून कर्णा बोलला, "बगा मंडळी, पायरी कशी बरोबर सापडली!"

मंडपाच्या टोकापर्यंत ते हसणं आमच्या सोबत आलं. बाहेर पडल्यावर बायको रडत होती की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं, ती नाही म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांची गोष्ट. दुपारची वेळ, बायको गिरणीत दळण आणायला गेलेली. माझा मेहुणा त्या दिवशी यायचा होता. कुणीतरी फाटक उघडून आलं आणि ओटीवर माझ्यापुढे बसलं. पांढरा शर्ट, मेहुण्याच्याच अंगलटीचा माणूस. मी म्हणालो, "ये, बस. ताई येईलच तुझी." तो काही बोलला नाही. मेहुणा माझा मुळात अबोल, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गप्पा सत्कारावर गेल्या. म्हणजे मीच नेल्या. मनात साठलेलं होतं, आणि सासरच्या माणसापुढे ते बोलून टाकावंसं वाटलं.

मी म्हणालो, "त्याची जीभ झडली तर बरं, असं मला रोज वाटतं. तुला एक सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही. त्याचा बाप गेला ना, शेवटच्या दुखण्यात मी त्याच्यापाशी बसायचो. हा माइक घेऊन गावोगाव फिरत होता. म्हातारा मला म्हणाला, 'ह्याला बोलायला येतंय, बाबा, दुसरं काय नाय येत. माजा मुलगा तू असायला हवा व्हतास.' आणि म्हणाला, 'त्याला सांगू नको.' इतकी वर्षं मी नाही सांगितलं. बापाला मेल्यावर खांदा द्यायला आला तेव्हासुद्धा हा लोकांना हसवत होता. मी तेव्हाही गप्प राहिलो."

समोरचा माणूस हलला नाही. मग उठला. माझ्या नजरेच्या कडेनं पांढरा शर्ट फाटकापर्यंत गेला आणि फाटकाची कडी वाजली.

बायको आली. दळणाचा डबा खाली ठेवत तिनं विचारलं, "भावोजी कशाला आले होते?"

"कोण भावोजी?"

"तुमचे मित्र. वाटेत भेटले. मी बोलले, तर मान वर केली नाय. डोळे लाल होते."

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माफी मागायला आले असतील." मग डबा उचलत म्हणाली, "नायतर बघायला आले असतील, वळखता का ते."

तो कशासाठी आला होता हे मला कधीच कळलं नाही. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. त्या दुपारी मी पोटभर जेवलो. कितीतरी दिवसांनी भाजीत मीठ किती आहे हे मला कळलं.

एवढं मात्र झालं, की त्या दिवसापासून त्याला माझं खरं वाटलं. कर्ण्यातून माझं नाव येईनासं झालं. त्याच्या तोंडून नाटक्या हा शब्द कुणी ऐकला नाही. पण तो माझ्याशी बोलायलाही आला नाही. रस्त्यात समोरून आला तर गप्प जातो. बोललं नाही तर मी ओळखणार नाही हे आता त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याचा तो उपयोग करून घेतो. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून पाय दाबून टाकतो.

त्याला हे माहीत नाही, की चेहरा गेला तरी चाल जात नाही. त्या दुपारी मी चालीकडे लक्ष दिलं नव्हतं, आता देतो. तो डावा हात अंगाशी धरून उजवा लांब फेकत चालतो. असं चालणारा गावात दुसरा कुणी नाही. कडेकडेनं येत असताना मी त्याला लांबूनच ओळखतो. अगदी जवळ आला की मान वळवून सरळ त्याच्याकडे बघतो. सरळ बघितलं की तो नाहीसा होतो. मग मी माझ्या वाटेनं पुढे जातो.